मळ्यात पडदा, भरीत आणि 'जाने भी दो यारो'

प्रश्न थोडक्यात असा आहे : डिसेंबरात पारोळ्याजवळच्या मळ्यात भरीत पार्टी ठरली आहे, बारा-तेरा जण असतील. रात्री 'जाने भी दो यारो' मोठ्या पडद्यावर लावायचा आहे. निम्म्या मित्रांनी तो पूर्वी पाहिलाय, बाकीच्यांना फक्त शेवटाकडच्या महाभारत नाटकाचा तुकडा मोबाइलवर पाहून माहीत आहे. प्रोजेक्टर भाड्याने मिळतोय. तयारी काय करावी आणि पुन्हा बघताना मजा टिकेल का?

मजा टिकते, आणि हा सिनेमा दुसऱ्या खेपेलाच पुरता हाती लागतो. खून कोणी केला हे यात शेवटपर्यंत झाकून ठेवलेलंच नाही. विनोद आणि सुधीर हे दोघे फोटोवाले बागेतला फोटो मोठा करत जातात, त्यात बिल्डर तरनेजा दिसतो आणि ते कोडं तिथेच सुटतं. पुढचा सगळा सिनेमा प्रेत कुठे गेलं आणि कोण कोणाला विकलं गेलं यावर चालतो. त्यामुळे शेवट माहीत असणाऱ्याचं फारसं काही बुडत नाही. पहिल्यांदा आपण हसण्याच्या नादात संवादांचा निम्मा भाग ऐकतच नाही. तो ऐकण्यासाठी पुन्हा बसायचं असतं. म्हणून पैसा आणि वेळ कमी पडला तर चित्रात काटकसर करा, आवाजात करू नका.

आवाजापासूनच सुरुवात करतो, कारण मळ्यातले बहुतेक कार्यक्रम तिथेच फसतात. भाड्याने आणताना लोक डीजेचे दोन मोठे बॉक्स आणतात आणि पडद्याच्या दोन टोकांना ठेवतात. हा १९८३ चा सिनेमा आहे, त्याचा ध्वनी एकपदरी आहे. दोन बॉक्स वीस फुटांवर ठेवले की एकच शब्द दोन बाजूंनी किंचित मागेपुढे कानावर येतो आणि बोलणं धुरकट होतं. एकच चांगला स्पीकर घ्या, पडद्याच्या बरोबर मध्याखाली, स्टुलावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवा. बास जवळपास शून्यावर आणा, ट्रेबल थोडा वाढवा. लग्नाच्या वरातीसाठी लावलेली सेटिंग तशीच राहिली तर सतीश शाहचा आवाज मडक्यातून आल्यासारखा येतो. ब्लूटूथ टाळा. त्यात आवाज ओठांच्या मागे राहतो, आणि हा सिनेमा शब्दाला शब्द भिडवून चालतो, त्याला ती ढिलाई सोसत नाही. लॅपटॉपपासून स्पीकरपर्यंत साधी वायर टाका. वायर जोडल्यावर 'घूं' असा आवाज आला तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. मळ्यात अर्थिंग बहुतेक वेळा नसतंच आणि तो गुणगुणाट तिथूनच येतो.

आवाज नीट लागला की नाही हे तपासायला त्या टेलिफोनच्या प्रसंगाचा तुकडा लावा. नसीरुद्दीन शाह आणि सतीश कौशिक एकाच खोलीत बसून एकमेकांशीच फोनवर बोलत असतात आणि शेवटी वायरींत अडकतात. दोघं एकमेकांच्या वाक्यावर वाक्य टाकतात. शेवटच्या रांगेतल्या माणसाला त्यातला प्रत्येक शब्द कळला तर काम झालं. नाही कळला तर आवाज वाढवू नका, स्पीकर पुढे सरकवा.

आता वीज. शेतीपंपाच्या वीजवाहिनीवर बऱ्याच ठिकाणी पाळीने वीज येते, आठवड्यात कधी दिवसा, कधी रात्री. त्यामुळे त्या रात्रीची पाळी आधी विचारून घ्या आणि तरीही तिच्यावर विसंबू नका. घरचा इन्व्हर्टर उचलून नेणार असाल तर हिशोब आधी करा. १२ व्होल्टची १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास देते. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, आणि इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो. म्हणजे हाताशी साधारण ७५० वॉट-तास राहतात. जुना दिव्याचा प्रोजेक्टर सुमारे ३०० वॉट घेतो, स्पीकर आणि लॅपटॉप मिळून १२०. एकूण ४२० वॉटवर बॅटरी पावणेदोन तास टिकेल. सिनेमा सव्वादोन तासांच्या आसपासचा आहे, म्हणजे ऐन महाभारतात अंधार. एलईडी प्रोजेक्टर १०० ते १२० वॉटचा मिळाला तर तीच बॅटरी तीन तास पुरते. भाड्याच्या दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा : दिव्याचा की एलईडीचा? जनरेटर घेतलात तर तो विहिरीच्या पलीकडे, वाऱ्याच्या दिशेने दूर ठेवा, नाहीतर आवाजासाठी केलेली सगळी मेहनत पाण्यात. तारेवर आकडा टाकून प्रोजेक्टर चालवायचा विचार मनातही आणू नका. बेकायदा तर आहेच, शिवाय मळ्यातला व्होल्टेज रात्री पंप बंद झाले की एकदम चढतो आणि पहिला बळी प्रोजेक्टरचा जातो.

दिव्याचाच प्रोजेक्टर असला तर मध्येच वीज गेल्यावर त्याचा पंखा थांबतो आणि तापलेला दिवा तसाच राहतो. अशी यंत्रं छोट्या यूपीएसवर लावावीत. वीज परत आली म्हणून लगेच बटण दाबू नये, दहा मिनिटं निवू द्यावं. बाकी फार काही लागत नाही. अंधाऱ्या मळ्यात १००० खरे लुमेन (उजेडाचं माप) पुरतात, पण खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. आधी 'एएनएसआय' (ANSI, प्रमाणित मोजणीची खूण) हा शब्द शोधा, तो नसेल तर आकडा बहुधा फुगवलेला.

पडद्यासाठी डबल बेडची पांढरी, बिनडिझाइनची चादर उत्तम. ९० बाय १०० इंचांच्या चादरीवर सव्वासात फूट रुंद आणि चार फूट उंच चित्र बसतं. नेहमीचा प्रोजेक्टर त्यासाठी अकरा-बारा फुटांवर ठेवावा लागतो. चादर इस्त्री करून न्या. वर बांबू, खाली बांबू आणि चारही कोपऱ्यांना सुतळी. खालचा बांबू मोकळा सोडलात तर पहाडाकडून वारा सुटला की चादर शिडासारखी फुगते आणि सगळ्यांचे चेहरे फुगीर दिसतात. मागे काळं घोंगडं टांगा. चादरीतून पलीकडे जाणारा उजेड त्याने अडतो, मागचे दिवे दिसत नाहीत आणि काळा रंग काळा दिसतो. फ्लेक्स वापरू नका, तो चमकतो आणि चित्राच्या मध्यभागी पांढरा डाग पडतो. शेतघराची चुन्याची भिंत सपाट असेल तर चादरीपेक्षाही चांगली. जुन्या सिनेमाचं चित्र आजच्या पडद्याइतकं रुंद नसतं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील, त्या राहू द्या. चित्र ताणून पडदा भरला की ओम पुरी अर्धा फूट जाड होतात आणि चौकटीच्या कडेची गंमत वाकडी होते.

सिनेमा एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा आहे. त्यांनी जुनी प्रिंट दुरुस्त करून २०१२ मध्ये पुन्हा थिएटरांत लावली होती. अधिकृत जागेवरून दुरुस्त केलेलीच आवृत्ती घ्या. इकडेतिकडे पडलेल्या फिकट, खरखरत्या प्रती नकोत. रीतसर डाउनलोड करून, विमान मोडवर टाकून, पहिली दहा मिनिटं घरीच लावून बघा. मळ्यात नेटवर्क कापसाच्या एका सरीत असतं आणि दुसरीत नसतं. कार्यक्रम मित्रांपुरता ठेवा. तिकीट लावलं किंवा गावाला जाहीर बोलावलं तर तो सार्वजनिक खेळ होतो आणि त्याला हक्कदारांची परवानगी लागते.

वेळेचं गणित सोपं आहे. डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य सहाच्या आधी मावळतो, पावणेसातला पूर्ण अंधार. जेवण आधी, सिनेमा नंतर. उलटं केलं तर मागच्या रांगेला भूक लागते आणि लोक ठेच्याकडे उठून जातात. तेरा जणांना चार किलो भरताची वांगी पुरतात, लांबट, हिरवी, बामणोद-आसोद्याकडची मिळाली तर सोनं. सोबत दीड-दोन पाव हिरवी मिरची, लसूण, पातीचा कांदा, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ माणशी दोन भाकरी धरून अडीच किलो घ्या. पऱ्हाट्यांवर (कापसाच्या वाळक्या काड्यांवर) वांगी भाजा, पण तो जाळ पडद्यापासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला हवा. धूर प्रोजेक्टरच्या झोतात शिरला की झोत दुधाळ होतो आणि चित्राचा रंग उडतो. भाजणं, ठेचणं, जेवणं साडेपाचला सुरू करा, सातला पहिली रीळ. सिनेमा चालू असताना केळीचे वेफर्स, पापड, मुरमुरे वाटू नका, कुरकुर तीन रांगा जाते. मध्यंतरात गुळाचा चहा द्या, बस्स.

जानेवारीकडे ढकलणार असाल तर थंडीचा विचार करा. उशिरा दव पडतं आणि ते आधी भिंगावर बसतं. प्रोजेक्टर चालू असेपर्यंत तो गरम असतो, काळजी नाही. मध्यंतरात बंद केलात तर भिंगावर कापड टाका. मे महिन्यात हा बेत करू नका. दिवसाच्या ४३-४४ अंशांनंतर रात्रीही कूलर लागतो आणि कूलरच्या घरघरीत हा सिनेमा ऐकू येत नाही. पावसाळ्यात पाखरं झोतावर तुटून पडतात.

बसण्याची मांडणी नीट करा, तिच्यावर हसणं अवलंबून आहे. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना पुढे मधोमध सतरंजीवर, पडद्यापासून आठ-नऊ फुटांवर. ज्यांनी पाहिलाय ते मागे बाजांवर. नवखा माणूस मागे बसला की पुढचे जुने लोक प्रसंगाच्या आधीच हसतात आणि त्याचं हसू हिरावून घेतात. सुरू करण्याआधी एकच नियम मोकळेपणाने सांगा : संवाद माहीत असला तरी नट बोलण्याआधी कोणी बोलायचा नाही. 'शांत गदाधारी भीम' सगळ्यांना पाठ आहे. तो म्हणण्याचा मोह आवरणं, पुढच्या रांगेला एवढी एकच भेट पुरे.

जुन्यांना मात्र रिकामं बसवू नका. प्रत्येकाला एक गोष्ट बघायला वाटून द्या, सिनेमा वेगळाच उघडतो.

एकाने फक्त प्रेत बघायचं. सतीश शाहनी आयुक्त डिमेलो जिवंत असताना जेवढा रंगवलाय तेवढाच मेल्यावर रंगवलाय. शवपेटीत, चाकांवर, साडीत, रंगमंचावर द्रौपदी म्हणून उभं करताना मान कुठे कलते, हात किती ताठ राहतात, कोण त्याला मागून धरतंय, हे नुसतं बघत राहा. मृत माणसाचं वजन सगळ्या पात्रांना जाणवत राहतं, म्हणून विनोद पोकळ होत नाही.

दुसऱ्याने भक्ती बर्वेंचा आवाज ऐकायचा. मराठी प्रेक्षकाला त्या 'ती फुलराणी' नाटकामुळे ठाऊक. इथे त्या 'खबरदार' नियतकालिकाच्या संपादिका शोभा आहेत. सत्याची भाषा बोलताना आणि सौद्याची बोलताना स्वर कुठे मऊ होतो, कुठे थांबतो, हे पहिल्या खेपेला निसटतं. दुसऱ्यांदा ऐकलं की त्या पहिल्या भेटीपासून काय करतायत ते उघड दिसतं. माझ्या मते सगळ्या सिनेमातलं सर्वांत अवघड काम त्यांचं आहे, कारण हसवायची सोय त्यांना जवळपास नाही.

तिसऱ्याने नावं आणि पाट्या टिपायच्या. नायकांची नावं विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा ही या सिनेमावर काम करणाऱ्या दोघांचीच आहेत. सुधीर मिश्रा पटकथेत होते. विधू विनोद चोप्रा निर्मितीचं काम सांभाळत होते, आणि महाभारतातला दुःशासन तेच आहेत, त्यांचा चेहरा नीट बघा. खून टिपला जातो त्या बागेचं नाव 'अंतोनिओनी पार्क'. मिकेलांजेलो अंतोनिओनीच्या १९६६ च्या 'ब्लो-अप'मध्येही छायाचित्रकार बागेतला फोटो मोठा करत जातो आणि त्यात खून दिसतो. दिग्दर्शक कुंदन शाह पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे, त्यांनी हा नमस्कार उघडपणे केलाय. गुप्त भेटीचा परवलीचा शब्द 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है' हाही तसाच. त्या नावाच्या सिनेमाचा नायक नसीरुद्दीन शाहच होता.

आणि चौथ्याला, त्याला फोटोग्राफीची आवड असेल तर, डार्करूमचा प्रसंग द्या. लाल दिव्याखाली एन्लार्जरमधून निगेटिव्हचा एक कोपरा कागदावर पाडायचा, कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये हलवत राहायचं, मिनिटभरात पांढऱ्यावर करडा आकार उमटतो, मग फिक्सर. कोपरा जितका मोठा कराल तितके चांदीचे कण सुटे होतात आणि चेहरा ठिपक्यांत विरघळतो. सिनेमाने इथे थोडी सूट घेतलीये, तरी कृतीचा क्रम खरा आहे. आजच्या मुलांना दोन बोटांनी फोटो मोठा करायची सवय. तिथे एवढी वाट का बघावी लागते हे आधी दोन वाक्यांत सांगितलं तर त्या प्रसंगातला ताण त्यांना पोचतो. गावात जुन्या स्टुडिओवाले कोणी काका असतील तर त्यांना आवर्जून बोलवा. आपल्या चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस होऊन गेले, टेबलावर मांडणी करून डोंगर-बर्फ उभे करणारा माणूस. त्यांचं घर आणि संग्रह बघितलेला कोणी कंपूत असेल तर डार्करूमवर त्याच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असेल.

मध्यंतर कुठे घ्यायचं? दारूच्या नशेतला बिल्डर आहुजा (ओम पुरी) शवपेटीला बंद पडलेली गाडी समजून मदत करायला लागतो, तो प्रसंग संपला की थांबा. तिथे हशा मोठा असतो आणि लोक उठायला तयार असतात. त्यानंतर अजिबात थांबायचं नाही. शेवटची पळापळ आणि महाभारत यांचा वेग एकमेकांवर चढत जातो, मध्ये चहा आला की तो उतरतो. यात्रेतला वग ज्यांनी पाहिलाय त्यांना रंगमंचावरचा गोंधळ लगेच ओळखू येईल : नट ठरलेलं वाक्य धरून बसलाय, बाजूने भलतंच घडतंय आणि धृतराष्ट्राला काही कळत नाही. ही दृश्यं मोबाइलवर तुकड्यात पाहिलेल्यांना एक गोष्ट माहीत नसते. त्या गोंधळात प्रत्येक जण खऱ्याच कारणासाठी प्रेत ओढतोय, आणि ते कारण म्हणजे शहरातला पूल आणि त्याचा ठेका. सलग पाहिलं तरच ते कळतं.

आणि तो शेवट. पूल पडतो, आरोप दोघा फोटोवाल्यांवर येतो, कैद्यांच्या कपड्यात ते चालत येतात, 'हम होंगे कामयाब' वाजतं आणि ते गळ्यावरून बोट फिरवतात. एवढं हसून झाल्यावर लोकांना काय बोलावं सुचत नाही. यजमानाने लगेच दिवे लावू नयेत, 'कसा वाटला?' विचारू नये. नामावली पूर्ण जाऊ द्या. रेणू सलुजा यांचं संकलन आणि बिनोद प्रधान यांचं छायांकन ही नावं त्यात आहेत. सिनेमा सात लाखांच्या आत झालाय, हे तेव्हा सांगा, आधी नको. आधी सांगितलं की लोक उणिवा शोधत बसतात.

गप्पा रंगल्या की एक माहिती हाती ठेवा : अनुपम खेर यांनी यात 'डिस्को किलर' नावाचं पात्र केलं होतं, लांबी वाढली म्हणून ते पूर्ण काढलं गेलं. त्यावरून वाद निघतो, काढलं ते बरं की वाईट. माझं मत विचाराल तर बरं. शेवटचा भाग आत्ताच ठासून भरलाय, अजून एक माणूस प्रेतामागे पळाला असता तर तरनेजा आणि शोभाचा सौदा मागे पडला असता.

बॅटरीत जीव उरला असेल तर झोपण्याआधी तीन तुकडे पुन्हा लावा : टेलिफोन, डार्करूम आणि डिमेलोचा केक. आता ज्याला जे वाटून दिलं होतं त्याने ते सगळ्यांना दाखवायचं, थांबवून, बोट ठेवून. नवखेही तेव्हा मागच्या रांगेत येऊन बसतात.